ज्याचा त्याचा विमा

गॅलप ही अमेरिकेतली जुनी जनमत चाचणी संस्था या शतकाच्या सुरुवातीपासून एक प्रश्न सातत्याने विचारत आली आहे : देशातल्या प्रत्येकाला आरोग्य विमा मिळेल हे पाहणे ही केंद्र सरकारची जबाबदारी आहे का? २००६ मध्ये ६९ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. २०१३ मध्ये ‘हो’ म्हणणारे ४२ टक्क्यांवर घसरले. २०२४ मध्ये ते पुन्हा ६२ टक्क्यांवर चढले. या काळात लोकांची दुखणी काही बदलली नव्हती आणि इस्पितळांची बिले तर वाढतच होती. मधल्या काळात बराक ओबामांनी खरोखरच तसा कायदा केला, हे मात्र घडले. सरकार स्वस्थ बसले होते तोवर दोन तृतीयांश लोकांना ते सरकारचे काम वाटत होते. सरकारने ते हाती घेतल्यावर त्यांच्यातले एक तृतीयांशाहून अधिक मागे सरले, आणि पुढे तोच कायदा मोडीत काढायची भाषा सुरू झाली तेव्हा त्यांच्यातले बरेच जण परत आले.

अमेरिकेत आरोग्य सुधारणांवरून लोक दुभंगले आहेत, डेमोक्रॅट एकीकडे आणि रिपब्लिकन दुसरीकडे, असे आपण गेली पंधरा-सोळा वर्षे वाचतो. ते खोटे नाही. पण मला वाटते, पक्षाची रेघ ही नंतर ओढली गेली. त्याआधी तिथल्या सामान्य माणसांना विम्याच्या व्यवस्थेनेच वेगवेगळ्या कप्प्यांत बसवले होते. शेजाऱ्याला काही मिळाले की आपले काही तरी जाणार, ही धास्ती त्या कप्प्यांतून आली. राजकारण्यांनी तिचा पुरेपूर वापर करून घेतला.

अमेरिकेत आरोग्यव्यवस्था अशी एक नाहीच. नोकरदाराला विमा मालक देतो, आणि असे लोक १५ कोटींच्या वर आहेत. पासष्टीपुढच्यांना मेडिकेअर ही केंद्र सरकारची योजना आहे. गरिबांना मेडिकेड, तेही राज्याराज्यांत निराळे. माजी सैनिकांची इस्पितळे स्वतंत्र, मूळ रहिवासी जमातींची सेवा स्वतंत्र. यांतल्या कशातच न बसणाऱ्याने बाजारात जाऊन विमा विकत घ्यायचा, नाही तर देवावर हवाला ठेवायचा. हे सगळे कोणी एका बैठकीत ठरवलेले नाही. १९२९ मध्ये डॅलसच्या बेलर विद्यापीठाच्या इस्पितळाने शाळाशिक्षकांकडून महिन्याला ५० सेंट घेऊन वर्षात २१ दिवस इस्पितळात ठेवून घेण्याची हमी दिली. पुढे देशभर पसरलेल्या ब्लू क्रॉस विम्याचा उगम तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढ गोठवली, पण विम्यासारख्या सोयी त्यातून वगळल्या. कामगार मिळत नव्हते, पगार वाढवता येत नव्हता, म्हणून कारखानदार विमा देऊ लागले. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेल्या हप्त्यावर कर नाही हे पक्के केले. युद्धकाळातली ती तात्पुरती सोय मध्यमवर्गाचा आधारस्तंभ होऊन बसली.

युद्ध संपल्यावर लगेचच, नोव्हेंबर १९४५ मध्ये, हॅरी ट्रूमन यांनी सर्वांसाठी राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव मांडला. डॉक्टरांची संघटना, अमेरिकन मेडिकल असोसिएशन, त्याच्यावर तुटून पडली. तिने प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलर गोळा केले आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिटेकर अँड बॅक्स्टर या प्रचारसंस्थेला कामाला लावले. ‘समाजवादी वैद्यक’ हा शब्द तेव्हापासून जो रुजला तो आजतागायत निघालेला नाही. १९६१ मध्ये रोनाल्ड रेगन, तेव्हा ते नटच होते, यांच्या आवाजातली एक ध्वनिमुद्रिका डॉक्टरांच्या पत्नी शेजारणींना कॉफीला बोलावून ऐकवत. वृद्धांना सरकारी विमा दिला तर स्वातंत्र्य गेलेच समजा, असा तिचा सूर होता. तरीही ३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावी गेले, म्हाताऱ्या ट्रूमनना शेजारी बसवून मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर त्यांनी सही केली आणि पहिले कार्ड ट्रूमन यांनाच मिळाले.

या कायद्याने एक काम असे केले की ज्याची आठवण फार थोडे जण काढतात. मेडिकेअरचे पैसे हवे असतील तर वर्णभेद बंद करा, अशी अट १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे इस्पितळांवर आली. दक्षिणेतल्या इस्पितळांत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे वॉर्ड वेगळे असत, काही इस्पितळे तर काळ्या रुग्णाला दारातही उभी करत नसत. १९६६ च्या काही महिन्यांत त्यांतल्या बहुतेकांनी भेद मोडला. सार्वजनिक पैशात एवढी ताकद असते. आणि सरकारी आरोग्य योजनेबद्दल दक्षिणेतल्या काही गोऱ्या मनांत जी अढी आहे तिचे एक मूळही इथेच सापडते.

वृद्धांचा आणि अतिगरिबांचा प्रश्न असा सुटल्यावर मधल्या माणसाला सर्वांसाठीच्या योजनेची निकड उरली नाही. त्याचा विमा मालकाकडून येत होता, आणि त्यावरच्या करमाफीच्या रूपाने सरकार आपल्यालाही मदत करते हे त्याला दिसतच नव्हते. राज्यशास्त्रज्ञ सुझॅन मेटलर यांनी २००८ च्या पाहणीत लोकांना विचारले, तुम्ही कधी सरकारी सामाजिक योजनेचा लाभ घेतला आहे का? मेडिकेअर वापरणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक म्हणाले, नाही. त्यांनी आयुष्यभर पगारातून त्यासाठी पैसे भरले होते, म्हणून ते त्यांना स्वतःच्या कमाईचे वाटत होते. २००९ च्या उन्हाळ्यात साउथ कॅरोलिनातल्या सिम्प्सनव्हिलच्या सभेत एका वृद्धाने खासदार बॉब इंग्लिस यांना बजावले की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. त्यावर देशभर हशा पिकला. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. आयुष्यभर वर्गणी भरलेली ती वस्तू त्याची होती, आणि ती काढून दुसऱ्याला देणार आहेत अशी त्याची समजूत करून देण्यात आली होती.

ही धास्ती किती जुनी आहे ते पाहायचे तर १९८९ चे शिकागो आठवावे. आदल्या वर्षी काँग्रेसने मेडिकेअरमध्ये मोठ्या आजारपणाचा आणि औषधांचा खर्च जोडला होता आणि त्यासाठी बऱ्या स्थितीतल्या वृद्धांवर जादा कर बसवला होता. त्यांच्यातल्या अनेकांना जुन्या मालकाकडून ते संरक्षण आधीच मिळत होते. मग दुसऱ्यांसाठी आपण का भरायचे? ऑगस्टमध्ये बलाढ्य खासदार डॅन रोस्टेनकोव्स्की यांची मोटार त्यांच्याच मतदारसंघातल्या म्हाताऱ्या माणसांनी घेरली. काही महिन्यांत कायदा रद्द झाला. यात डेमोक्रॅट विरुद्ध रिपब्लिकन असे काही नव्हते. पाच वर्षांनी बिल क्लिंटन यांची योजना याच भीतीने बुडाली. विमा कंपन्यांच्या संघटनेने दूरचित्रवाणीवर एक मध्यमवर्गीय जोडपे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवले आणि आपला चांगला चाललेला विमा सरकार बिघडवणार, एवढेच त्याच्या तोंडून वदवले.

ओबामांनी म्हणून कप्पे मोडायचे टाळले. जे आहे ते राहू द्यायचे आणि मधल्या फटी बुजवायच्या, असा त्यांचा बेत होता. प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे ही कल्पनाही उजव्या गोटातली, १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशनने मांडलेली. मिट रॉम्नी या रिपब्लिकन गव्हर्नरने २००६ मध्ये ती मॅसॅच्युसेट्समध्ये अमलात आणली होती. तरीही २३ मार्च २०१० रोजी सही झालेल्या कायद्याला दोन्ही सभागृहांत एकाही रिपब्लिकनचे मत मिळाले नाही. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये गावोगावच्या सभांत आरडाओरड झाली. रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी ‘मृत्यूची मंडळे’ नेमली जाणार असल्याचे सांगितले. विधेयकात तसे काहीही नव्हते. वृद्धाने आपल्या अखेरच्या इच्छांबद्दल डॉक्टरशी बोलावे आणि त्या भेटीचे पैसे मेडिकेअरने द्यावेत, एवढे एक कलम होते. मरणाशी टेकलेल्या माणसांना भीती घालून मते मिळवण्याचा तो प्रकार मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत हीन वाटतो.

वंशाचा भाग इथे टाळता येत नाही. राज्यशास्त्रज्ञ मायकेल टेस्लर यांनी दाखवून दिले की आरोग्य सुधारणेबद्दल गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या मतांतली दरी क्लिंटन यांच्या वेळेपेक्षा ओबामांच्या वेळी बरीच रुंद होती. दोन्ही योजनांचा हेतू फारसा वेगळा नव्हता, मांडणारा वेगळा होता. पण सगळा विरोध वर्णद्वेषातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘तुमचा विमा तुम्हाला आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील,’ असे ओबामांनी वारंवार सांगितले होते. २०१३ च्या शरदात लाखो घरांत विमा रद्द झाल्याची पत्रे येऊन पडली आणि त्यांना माफी मागावी लागली. दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापेक्षा एक डॉलर जास्त मिळवणारा शेतकरी, सुतार, लहान दुकानदार यांना २०२१ पर्यंत कसलीही सवलत नव्हती. अनेक ग्रामीण जिल्ह्यांत विकणारी कंपनी एकच, म्हणून हप्ते भरमसाट. आपण पूर्ण पैसे भरून हजारो डॉलरची डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम, सोसायची आणि पलीकडच्या घरात मेडिकेडवर सगळे फुकट, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यांच्या रागाला ‘अडाणीपणा’ म्हणणाऱ्या शहरी डेमोक्रॅटांनी आपल्याच सुधारणेचे नुकसान केले.

कायद्याने बरेच साधले, हेही तितकेच खरे. विमा नसलेल्यांची संख्या २०१० च्या सुमाराला साडेचार कोटींच्या वर होती, ती २०१६ पर्यंत पावणेतीन कोटींच्या आसपास आली. सर्वांत मोठी घट झालेल्या राज्यांत केंटकी होते. तिथले गव्हर्नर स्टीव्ह बेशियर यांनी राज्याची विमापेठ ‘काइनेक्ट’ या नावाने उघडली आणि ओबामांचे नाव कटाक्षाने बाहेर ठेवले. २०१४ च्या एका चाचणीत केंटकीतल्या ५७ टक्के लोकांनी ‘ओबामाकेअर’बद्दल नापसंती दाखवली, ‘काइनेक्ट’बद्दल नापसंती दाखवणारे २२ टक्केच होते. दोन्ही एकच. डोंगराळ पूर्व केंटकीत कोळशाच्या खाणी बंद पडल्या होत्या, नोकरीबरोबर विमाही गेला होता, आणि काइनेक्टने अनेकांना वर्षांनंतर पहिल्यांदा डॉक्टरच्या दारात नेले. तिथल्याच मतदारांनी २०१५ मध्ये हे मोडू म्हणणाऱ्या मॅट बेव्हिन यांना निवडून दिले आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांना भरभरून मते दिली. अशा गावांत जाऊन आलेल्या पत्रकारांना लोक सांगत : हे आमच्याकडून काढून घेतील असे वाटले नव्हते. आणखी एक उत्तरही येई, आणि ते जास्त महत्त्वाचे आहे. मी काम करतो, मला गरज आहे. पण अमुक एक काम न करता सगळे उकळतो, त्याला का?

हाच धागा एका मराठी मुळाच्या लेखकाने फार समजुतीने उलगडला. शल्यविशारद अतुल गवांदे यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे. आई-वडील दोघेही डॉक्टर, आणि त्यांनी संसार थाटला तो ओहायोतल्या अथेन्स या छोट्या गावात. २०१७ मध्ये गवांदे त्या आपल्या गावी परत गेले आणि बालपणीच्या ओळखीच्या माणसांना त्यांनी विचारले, आरोग्यसेवा हा हक्क आहे का? ‘न्यूयॉर्कर’मधल्या त्यांच्या लेखात जी माणसे भेटतात त्यांतली अनेक जण हक्क या शब्दालाच बिचकतात, कारण हक्क म्हटला की कर्तव्य मागे पडते असे त्यांना वाटते. मेडिकेडबद्दल ती कुरकुरतात. मेडिकेअरला मात्र बहुतेकांची मान्यता आहे, कारण तिथे प्रत्येक जण भरतो आणि प्रत्येकाला मिळते. उपचारांविना कोणी मरावे असे त्यांच्यातल्या कोणालाच वाटत नव्हते. गवांदे यांनी वाद घातला नाही, ऐकून घेतले. या विषयावर इतके ऐकून घेणारे लेखन मी क्वचितच वाचले आहे.

अशाच माणसांना पक्षाचे नाव न घेता थेट प्रश्न विचारला तर? तो प्रयोग प्रत्यक्षात झाला आहे. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वाचवला, पण मेडिकेड वाढवणे राज्यांच्या मर्जीवर सोडले. रिपब्लिकन विधिमंडळांनी अनेक ठिकाणी नकार दिला. त्यातून एक विचित्र खड्डा तयार झाला : दारिद्र्यरेषेखाली असलेल्याला बाजारातल्या विम्यावर सवलत नाही, कारण त्याला मेडिकेड मिळेल असे कायद्याने गृहीत धरले होते, आणि राज्य मेडिकेड देत नाही. तेव्हा नागरिकांनी सह्या गोळा करून प्रश्न मतपत्रिकेवर आणले. आयडाहोत काही तरुणांनी एक जुनी मोटारव्हॅन हिरवी रंगवली आणि गावोगाव फिरून सह्या जमवल्या. २०१८ मध्ये त्या कट्टर रिपब्लिकन राज्यात ६१ टक्के लोकांनी होकार दिला. त्याच दिवशी नेब्रास्का आणि युटा यांनीही दिला. ओक्लाहोमात ३० जून २०२० रोजी जेमतेम साडेसहा हजार मतांनी प्रस्ताव मंजूर झाला, आणि चारच महिन्यांनी तिथल्या ७७ च्या ७७ काउंट्या ट्रम्प यांनी जिंकल्या. मिझुरीत विधिमंडळाने मंजूर कौलालाही पैसे नाकारले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांना वठणीवर आणले. २०२२ मध्ये साउथ डकोटाची भर पडली. या राज्यांत खेडी आणि शहरे वेगळी बोलली हे खरे, तरी होकाराची बेरीज करायला हजारो रिपब्लिकन मतदार लागले, आणि ते आले.

२०१७ मध्ये कायदा मोडण्याचा प्रयत्न झाला तेव्हाही सभागृहांबाहेर हेच दिसले. या वेळी रिपब्लिकन खासदारांच्या सभांत लोक उभे राहून आपल्या लेकरांच्या, जोडीदाराच्या जुनाट आजारांबद्दल बोलत होते. आधीपासून आजार असलेल्यालाही विमा नाकारता येणार नाही, हे कलम कोणालाच सोडायचे नव्हते. २८ जुलैच्या पहाटे सिनेटमध्ये रिपब्लिकन जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली केला आणि ५१ विरुद्ध ४९ मतांनी तो प्रयत्न फसला. त्या वर्षापासून कायद्याबद्दल चांगले मत असणाऱ्यांची संख्या वाईट मत असणाऱ्यांपेक्षा जास्त राहिली आहे.

डाव्या बाजूलाही कप्प्यांनी सोडलेले नाही. ‘सर्वांसाठी मेडिकेअर’ ही सिनेटर बर्नी सँडर्स यांची मागणी ऐकायला लोकांना आवडते. केएफएफ संस्थेच्या जानेवारी २०१९ च्या चाचणीत ५६ टक्के लोक अनुकूल होते. खाजगी विमा बंद होईल असे सांगताच ते ३७ टक्क्यांवर आले. लास व्हेगसच्या हॉटेलांतल्या स्वयंपाकी, वाढपी आणि सफाई कामगारांच्या युनियनने संप करकरून उत्तम विमा मिळवला आहे. २०२० मध्ये तिच्या नेत्यांनी सँडर्स यांच्या योजनेला विरोध केला; नेवाडातली उमेदवार निवडीची फेरी (कॉकस) सँडर्स यांनी तरीही जिंकली. घाम गाळून मिळवलेली वस्तू एका आश्वासनाच्या बदल्यात सोडायला कामगार कचरतो, यात त्याचा स्वार्थ काढणे मला पटत नाही.

तिकडे सर्वांत सुरक्षित समजला जाणारा नोकरीचा कप्पाही आता झिजतो आहे. २०२४ मध्ये मालकाकडून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा वार्षिक हप्ता सरासरी २५,५७२ डॉलर होता, आणि त्यातला मालकाने भरलेला वाटाही शेवटी पगारवाढीतूनच वळता होतो. एडिसन किंवा फ्रीमाँटला राहणारे आपले मराठी कुटुंब बहुधा याच कप्प्यात असते. नोकरी गेली की व्हिसाचे दिवस मोजायला लागतात, त्याच वेळी विमा टिकवायचा तर पूर्ण हप्ता खिशातून भरावा लागतो. आई-वडिलांना ग्रीन कार्डावर नेले तरी पाच वर्षे वास्तव्य होईपर्यंत मेडिकेअरचे दार बंद. डिसेंबर २०२४ मध्ये युनायटेडहेल्थकेअरचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांची मॅनहॅटनच्या रस्त्यावर हत्या झाली. त्या खुनाचे समर्थन होऊच शकत नाही. पण त्यानंतर दावे नाकारणाऱ्या कंपन्यांविरुद्ध जो संताप उसळला त्यात दोन्ही पक्षांचे मतदार होते.

हा एकत्र झालेला राग सुधारणेकडे वळवायला कोणीच पुढे आले नाही. ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने मेडिकेडला मोठी कात्री लावली. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजाने त्यामुळे २०३४ पर्यंत आणखी सुमारे एक कोटी लोक विम्याबाहेर जातील. महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्या, ही अट गवांदे यांच्या अथेन्समधल्या माणसांना रास्त वाटेल. पण ती आर्कान्सॉमध्ये २०१८ साली लावून पाहिली होती. काही महिन्यांत १८ हजार लोकांचा विमा गेला, रोजगार वाढला नाही, आणि ज्यांचा गेला त्यांतले पुष्कळ जण काम करतच होते. नोंद करण्याच्या जंजाळात ते अडकले. त्यानंतर विमापेठेतल्या, २०२१ पासूनच्या वाढीव सवलतीवरून १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस सरकार बंद राहिले. ती सवलत चालू ठेवावी असे केएफएफच्या पाहणीत रिपब्लिकन मतदारांतल्याही निम्म्याहून अधिक लोकांचे म्हणणे होते. वर्ष संपले तेव्हा ती संपली.

लोक जेवढे दुभंगले आहेत त्याहून त्यांचे प्रतिनिधी अधिक दुभंगलेले आहेत, असे या सगळ्या वाचनानंतर माझे मत झाले आहे. कोण लायक आणि कोण नालायक यावर सामान्य अमेरिकन आपसांत भांडतो, आणि ते भांडण खरे आहे. पण सर्वांनी भरावे आणि सर्वांना मिळावे असे काही पुढे ठेवले तर तो ते धरून ठेवतो, हे मेडिकेअरने साठ वर्षे दाखवले आहे. मेडिकेड न वाढवलेली दहा राज्ये अजून उरली आहेत आणि मघाच्या त्या खड्ड्यात सुमारे १४ लाख माणसे आहेत. मिसिसिपीत लोकांनी सह्या जमवायचा बेत केला, पण २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती प्रक्रियाच रद्दबातल ठरवली. त्या खड्ड्यातली सर्वाधिक माणसे टेक्सासची आहेत, आणि सह्या गोळा करून हा प्रश्न मतपत्रिकेवर आणण्याची सोय टेक्सासच्या नागरिकांना कायद्याने दिलेलीच नाही.